पोढी आणि दक्षिणा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत पाण्यावरून भांडण झालं. हा लेख त्या भांडणातून निघाला, म्हणून आधी तेच सांगतो.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं, डोंगराच्या अंगाचं. तालुक्यात डिंभ्याचं धरण आहे. जुनं आंबेगाव, ज्याच्या नावानं तालुका आहे, ते त्याच धरणाच्या पोटात गेलं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव दिलंय. बाबू गेनू महाळुंगे पडवळचा, याच तालुक्यातला. मुंबईतला गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या लॉरीपुढं आडवा झाला आणि मेला. त्याच्या नावाचं पाणी कालव्यानं पूर्वेला जातं, आणि वरच्या वाड्यांतल्या बाया मार्चपासून हंडे घेऊन वणवण करतात.

वस्तीतल्या विहारापुढं आम्ही वर्गणी काढून सिमेंटची टाकी बांधली. टँकर आला की ती भरायची. एप्रिलात वरच्या वाडीतल्या ठाकर बाया हंडे घेऊन आल्या. आमच्यातलेच एक तात्या आडवे उभे राहिले. म्हणाले, "ही टाकी आपल्या समाजाची हाय. वर्गणी आपली, विहार आपला. त्यांनी त्यांचं बघावं."

बाया काही बोलल्या नाहीत. मागं सरकून सावलीला उभ्या राहिल्या. माझी आजी ओट्यावर बसली होती. ऐंशीच्या पुढची आहे, नजर गेलीय, कान शाबूत आहेत. ती म्हणाली, "तात्या, हे वाक्य म्या आदी ऐकलंया. तवा ते दुसऱ्याच्या तोंडात व्हतं."

मी तिथंच होतो. गिरणीतून चार दिवसांच्या रजेवर आलेलो. कविता लिहितो, सभेत वाचतो, टाळ्या घेतो. पण त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. वर्गणीत माझेही पाचशे रुपये होते, आणि आतून मलाही तात्याचं थोडं पटलं होतं. हे लिहायला लाज वाटते. पण लिहिलं नाही तर पुढचं सगळं खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी मी जुन्नरला गेलो आणि लेण्याद्री चढलो.

मित्रांनो, धर्माचा अभ्यास करायचा म्हटलं की लोक पोथ्या उघडतात. कोणत्या धर्मात काय लिहिलंय ते बघतात. पोथीत सगळ्याच धर्मांनी चांगलं लिहिलेलं असतं. मी शाळेत नववीपर्यंत. पुढचं शिक्षण रात्रपाळी आणि वाचनालय. माझी रीत साधी आहे. गिरणीत कोण खरं कोण खोटं हे भाषणावरून कळत नाही, पगारपत्रकावरून कळतं. तसं धर्माचंही पगारपत्रक बघावं. काय दिलं, कोणाला दिलं, कोणाकडून घेतलं. जुन्नरच्या आसपास हे पत्रक कागदावर नाही. ते दगडात आहे, दोन हजार वर्षांचं.

जुन्नरच्या भोवती दोनशेच्या आसपास लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, आणि ज्या किल्ल्यावर शिवाजी महाराज जन्मले त्या शिवनेरीच्या कड्यातही. जवळजवळ सगळी बौद्ध. आपल्या माणसांना कार्ला, भाजे, अजिंठा माहीत असतं. जुन्नर माहीत असतं ते अष्टविनायकाच्या यात्रेसाठी नाही तर शिवजयंतीसाठी. एका गावाभोवती इतकी लेणी देशात क्वचितच असतील.

इथले लेख ब्राह्मी लिपीत आहेत, भाषा प्राकृत. ब्राह्मी मी स्वतः शिकलो. बॉबिनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर रात्रपाळीत अक्षरं गिरवायचो. क म्हणजे बेरजेचं चिन्ह. ध म्हणजे धनुष्य. म म्हणजे वाटोळं तोंड आणि वर दोन शिंगं. कड्यावर झिजलेलं सगळं काही मला वाचता येत नाही, त्यासाठी पंडितांनी छापलेली वाचनं जवळ ठेवावी लागतात. पण एक शब्द मी आता लांबून ओळखतो, कारण तो पुन्हा पुन्हा येतो. देयधम. म्हणजे देयधर्म. धर्म म्हणून दिलेली वस्तू.

आणि ही वस्तू बहुतेक वेळा काय असते? पोढी. पोढी म्हणजे दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं. लेण्याच्या तोंडाशी, बाजूला, पायवाटेवर ही टाकी आहेत. कुणी इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्या. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा, परका माणूस. चित नावाच्या दुसऱ्या यवनानं भोजनमंडप दिला, भिक्षूंनी बसून जेवायला. कल्याणच्या एका सोनारानं पोढी दिली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. लेण्याद्रीचं सहावं लेणं, जे चैत्यगृह आहे, ते कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाचं, सुलसदत्ताचं दान. एका शकानं करंजाच्या झाडांपाशी वीस निवर्तनं आणि वडाच्या झाडापाशी नऊ निवर्तनं जमीन दिली. झाडं गेली, पण लेखात ती अजून उभी आहेत.

एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचं आणि काशाची भांडी घडवणाऱ्या कासारांच्या श्रेणीचं नाव आहे. त्यांच्याकडं रकमेची सोय लावून दिलेली, म्हणजे या कारागिरांची पत आजच्या बँकेसारखी होती. बुरूड आणि कासार! ज्यांना पुढच्या काळात गावानं हलकं काम करणारे म्हणून कडेला बसवलं, त्यांच्या हातात त्या काळी धर्माचा पैसा विश्वासानं ठेवला जायचा.

आता लगेच छाती फुगवू नका. मीही आधी फुगवली होती. मग पुन्हा वाचलं. नहपान राजाचा अमात्य अयम, त्यानंही पोढी आणि मंडप दिला, शेहेचाळीसाव्या वर्षी असं लेखात आहे. म्हणजे सत्तेचा पैसाही इथं आला. या जमिनीवर कोण राबत होतं ते लेख सांगत नाही. आणि ज्यानं छिन्नी धरून हा कडा पोखरला, ज्याच्या फुफ्फुसात दगडाची धूळ गेली, त्या पाथरवटाचं नाव कुठं दिसत नाही. आमच्या गिरणीतल्या कापडावरही विणणाऱ्याचं नाव नसतं. तेव्हा लेणी म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की इथं धर्माचा शब्द देण्याशी जोडलेला आहे, आणि दिलेली वस्तू बऱ्याचदा पाणी आहे. देणाऱ्याला कोणी विचारलं नाही की तू कुठल्या जातीचा, कुठल्या देशाचा. यवनाचं पाणी चाललं.

आता दुसरं पगारपत्रक बघू. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. कोकणातून माल वर चढायचा तो या वाटेनं. वर घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागणिका हिचा लेख आहे. गुहेत राजघराण्याचे पुतळे होते. आज त्यांचे फक्त पाय उरलेत, आणि वर नावं. सिमुक सातवाहन, नागणिका, सातकर्णी. राजे गेले, पाय राहिले. कवितेला विषय बरा आहे, पण मी लेखाकडं वळतो.

तो लेख म्हणजे यज्ञांची यादी आहे. एकामागं एक यज्ञ, आणि प्रत्येकाच्या पुढं दक्षिणा. एका ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती. एका ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. मी हे आकडे गिरणीतल्या सोबत्याला वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "अकरा हजार गायी? आन् त्यांचं शेण कोण काढत व्हतं?"

इतिहासाचा याहून चांगला प्रश्न मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही.

राणीचा लेख इतिहासाच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे. आपल्या अंकांची जुनी रूपं त्यात सापडतात. सातवाहन यज्ञही करत आणि त्यांच्यातल्या पुढच्या राजांनी नाशिकच्या भिक्षूंना जमिनीही दिल्या. तेव्हा हे लोक काळे आणि ते पांढरे, असं सोपं करू नये. पण शब्द दोन आहेत, हे ध्यानात ठेवा. लेण्यांत देयधर्म. घाटात दक्षिणा. एकाचं मोजमाप देणाऱ्याच्या ओंजळीनं, दुसऱ्याचं घेणाऱ्याच्या हक्कानं. आज देणगी वाटते ती उद्या हक्क होते. हक्काचं वतन होतं, आणि वतन पिढ्यान्पिढ्या मानगुटीवर बसतं.

लेण्याद्रीवर तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलं की सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचं देऊळ आहे. अष्टविनायकांतलं एक. ते देऊळ म्हणजे मुळात बौद्ध विहार. मोठं दालन, मध्ये एकही खांब नाही, तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या. मागच्या भिंतीतल्या खोल्या एक करून देव बसलेला. शेजारी सहाव्या लेण्यात स्तूप तसाच उभा. यात्रेकरू सातव्यात जातात, सहाव्यात डोकावतात, फोटो काढतात, उतरतात. मला राग आला नाही म्हणालो तर खोटं होईल. पण पायऱ्यांवर बसून विचार केला. देव बदलला यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचली. पोढ्या तशाच राहिल्या, पण खाली गावात पाण्याला जात लागली.

आजीच्या माहेरच्या गावात एकच गोडी विहीर होती. तिच्यावर आपल्या माणसांना चढायला बंदी. बाया काठापासून लांब घागर ठेवून बसायच्या. कुणाला दया आली तर वरून ओतायचा. आजी सांगते, "सकाळी गेलं तर सूर्य डोईवर यायचा. येखांदी म्हातारी वतायची, पर तोंड फिरवून." ही विहीरही कुणीतरी पुण्य म्हणून बांधलेली होती. पुण्य होतं, पोढी नव्हती.

आता थोडं लांब जाऊ, अमेरिकेपर्यंत. ही वाट मला जोतीरावांनी दाखवली. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली, त्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली म्हणून. पुण्यातला माळी सातासमुद्रापलीकडं बघतो आणि म्हणतो, हे आमचंच दुखणं आहे. त्याआधी अहमदनगरमध्ये सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाई मुलींची शाळा चालवत. ती शाळा बघून जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. ज्या अमेरिकन मिशनच्या त्या होत्या, त्याची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली होती.

तेव्हा अमेरिकेच्या धर्माचंही पगारपत्रक काढून बघायला हवं. तिथं १७९१ साली घटनेत दुरुस्ती झाली की देशाचा असा कोणताही सरकारी धर्म असणार नाही. पण मॅसॅच्युसेट्स राज्यात, जिथून हे मिशन निघालं, तिथं १८३३ पर्यंत लोकांकडून चर्चसाठी कर घेतला जात होता. म्हणजे दक्षिणा तिथंही होती, आणि वसुलीला सरकार होतं. बायबल एकच, पण मालकाच्या हातात ते गुलामगिरीचा आधार होतं आणि गुलामाच्या तोंडी सुटकेची गोष्ट. गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो का, यावरून १८४५ साली तिथले बाप्टिस्ट फुटले, आणि दक्षिणेकडच्यांनी आपली वेगळी चूल मांडली.

रिचर्ड ॲलन नावाचा माणूस होता. १७६० साली गुलाम म्हणून जन्मला. कमाई करून स्वतःला मालकाकडून विकत घेतलं. फिलाडेल्फियात गोऱ्यांच्या चर्चमध्ये त्याच्या सोबत्याला गुडघे टेकून प्रार्थना करत असताना धरून उठवलं. जागा चुकली म्हणून! ही सगळी मंडळी बाहेर पडली. १८१६ साली ॲलननं काळ्या माणसांचा स्वतंत्र पंथ उभा केला, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च. हे वाचताना मला काळाराम मंदिर आठवलं, १९३० चं. येवल्याची घोषणा आठवली, १९३५ ची. फरक आहे, तो विसरू नये. ॲलननं देव ठेवला आणि घर बदललं. बाबासाहेबांनी घरही बदललं आणि पायाही बदलला.

आणखी एक गोष्ट. डिसेंबर १९५५ ते डिसेंबर १९५६, माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी वर्षभर बसवर बहिष्कार टाकला. पुढारी मार्टिन ल्यूथर किंग, एका चर्चचा तरुण पाद्री. सभा चर्चमध्ये व्हायच्या. चर्चांनी मोटारी घेतल्या, त्यांतून माणसं कामावर पोहोचवली. प्रार्थनेबरोबर मोटार! याला मी देयधर्म म्हणतो. आणि त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला आपली माणसं लाखोंनी धम्माच्या वाटेवर आली.

परत जुन्नरला येतो, कारण दक्षिणेची लढाई इथंच कोर्टात गेली. ओतूर, जुन्नर तालुका. १८८० नंतरच्या दशकात तिथल्या बाळाजी कुसाजी पाटलांनी सत्यशोधक पद्धतीनं, ब्राह्मण जोशाला न बोलावता लग्न लावलं. जोशी म्हणाले, आम्हाला बोलवा नाहीतर बोलवू नका, आमचं वतन आहे, आमचा हक्क द्या. दावा मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. विचार करा. मांडव तुमचा, मुलगी तुमची, धान्य तुमचं, आणि जो आलाच नाही त्याची मजुरी तुम्ही द्यायची. गिरणीत गैरहजर माणसाला कोणी खाडा भरून देतं का?

आणि याच गावगाड्यात दुसरं वतन होतं, महाराचं. जोशाला न येता मिळायचं. महाराला रात्रंदिवस राबून तुकडे मागावे लागायचे. एकाच गावच्या वहीत दोन वतनं, दोन्हींवर धर्माचा शिक्का. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाचं बिल मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली ती १९५८ साली.

जोशी वतनाचा तो हक्क मोडणारा कायदा १९२६ साली झाला. बोलावलं नाही तर दक्षिणा नाही. तो आणणारे सीताराम केशव बोले. हे नाव तुम्हाला माहीत आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा असा ठराव कायदेमंडळात करून घेणारे तेच. त्या ठरावाच्या बळावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले. एकाच माणसानं एका हातानं दक्षिणा अडवली आणि दुसऱ्या हातानं पाणी मोकळं केलं. आणि हे बोले मुंबईच्या गिरणी कामगारांत काम करणारे होते.

गिरणीचा विषय निघाला म्हणून खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव घेतलंच पाहिजे. जोतीरावांचे सत्यशोधक साथी. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. साहेबाचा रविवार चर्चचा, कामगाराचा रविवार खंडोबाचा. लोखंड्यांनी धर्माचा उपयोग कामगाराला एक दिवस पाठ टेकायला मिळावी म्हणून केला. आठवड्याची रजा घेताना आम्ही ती कायद्यानं आली समजतो. ती आमच्याच शेजारच्या तालुक्यातल्या माणसाचा देयधर्म आहे.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी लेण्याद्रीवरून उतरलो. उतरताना एका पोढीपाशी थांबलो. पाणी हिरवं होतं, वर प्लास्टिकची बाटली तरंगत होती. विचार आला, ज्यानं ही दिली त्यानं ती कुणासाठी दिली? संघासाठी. आणि संघाचं दार कोणाला बंद होतं? ज्या संघात उपाली नावाचा न्हावी शाक्यांच्या राजपुत्रांआधी दीक्षा घेतो, त्या संघाच्या नावानं आम्ही टाकी बांधली आणि तिच्यासमोर आडवे उभे राहिलो.

हेच मला आपल्या माणसांना सांगायचं आहे. धर्म बदलल्यानं पगारपत्रक आपोआप बदलत नाही. ते रोज तपासावं लागतं. आपल्या विहारात पंख्याच्या पात्यावर दात्याचं नाव, फरशीवर दात्याचं नाव, कमानीवर तीन पुढाऱ्यांची नावं. वर्गणी न भरणारी विधवा मागच्या सतरंजीवर. हे वाढत गेलं तर शंभर वर्षांनी आपल्यातूनच कुणी वतन मागायला उभा राहील, आणि त्याच्या हातात पोथी आपलीच असेल. दुसऱ्यानं विहीर अडवली तो अन्याय, आणि आपण टाकी अडवली ती शिस्त, असं म्हणता येणार नाही.

घरी आलो तेव्हा आजी ओट्यावरच होती. तिला सांगितलं, जुन्नरच्या डोंगरात दोन हजार वर्षांमागं परदेशी माणसानं पाण्याची टाकी खोदून दिलीत. ती म्हणाली, "मंग? पानी पाजाया का देस लागतो?"

संध्याकाळी मी तात्यांकडं गेलो. भांडायला नाही. जे वाचलं ते सांगितलं, आणि त्या दिवशी मी गप्प बसलो ते चुकलं हेही सांगितलं. तात्या वाईट माणूस नाही. त्यांचं लहानपण त्याच विहिरीच्या काठावर गेलंय. ते म्हणाले, "आपल्याला कोण देत व्हतं रे?" मी म्हणालो, "म्हणूनच." बराच वेळ ते तंबाखू मळत बसले.

आज तरी ठाकर बाया टाकीवर येतात. ठराव झालेला नाही, कमिटीत दोघंतिघं अजून नाराज आहेत. दात्यांच्या नावांची फरशी टाकीवर बसवायचं चाललंय. माझं नाव काढून टाका म्हणून मी सांगितलंय, आणि फरशीवर एकच शब्द लिहा म्हणून अर्ज दिलाय. देयधर्म. अर्जावर पहिला अंगठा आजीचा आहे.